जगत्या घरचा पाळणा

मला लहानपणापासून दुसऱ्याच्या घरात काय काय आहे ते बघायची खोड. आई म्हणायची, ही कुठं पाहुणी म्हणून गेली की हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत हिचे डोळे मांडणीवरून फिरून येतात. खोटं नव्हतं ते. अमक्यांच्या माळ्यावर काय आहे, तमक्यांच्या फडताळाला कुलूप का आहे, हे मला कळल्याशिवाय घास उतरायचा नाही. सासरी ओतूरला आले तेव्हा वाटलं होतं, आता सुधारू. पण जित्याची खोड, ती कुठली जायला.

एकदा पुण्याला नणंदेकडे गेले होते. तिच्या घराजवळ एक दुकान होतं, त्यात सगळ्या वापरलेल्या वस्तू. पेटी, टंकयंत्र, लहान मुलाची ढकलगाडी, कुणाचा तरी वेताचा मंचक. मी दुकानदाराला विचारलं, एवढं सगळं विकत घ्यायला भांडवल किती घातलंत? तो म्हणाला, "यातलं माझं काहीच नाही. लोक ठेवून जातात. विकलं गेलं तर मी माझा हिस्सा कापून बाकीचे त्यांना देतो. नाही गेलं, तर ते घेऊन जातात." परतीच्या एसटीत मी नारायणगाव येईपर्यंत हाच विचार करत होते. दुसऱ्याच्या घरातलं सामान मनसोक्त बघायचं आणि वर त्याचे पैसे मिळायचे, यापेक्षा माझ्या स्वभावाला शोभणारा धंदा कुठला असणार?

नवरा शाळेत नोकरीला होता. त्याला सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, "भंगारवाली होणार म्हण की." मी चिडले, आणि चिडले की मी कामाला लागते. आमच्या घराची पुढची खोली रस्त्यावर उघडत होती. तिथं पाटी लावली, 'वापरलेल्या चांगल्या वस्तू'. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. गावात घरोघरी नवं कपाट, नवा टीव्ही, नवी मिक्सरची भांडी येत होती आणि जुनं सगळं माळ्यावर चढत होतं. मला वाटलं, माळे रिकामे होतील आणि माझी खोली भरेल.

पहिले काही दिवस लोक रद्दी घेऊन आले. एक जण पंपाचा तुटका पंखा घेऊन आला आणि म्हणाला, "किलोला काय भाव, ताई?" मी समजावून सांगायची, ते मान डोलवायचे आणि जाताना रद्दी तिथंच ठेवून जायचे. मग एका बऱ्या खातेपित्या घरातून आरशाचं कपाट आलं. शिसवी होतं, आरशाला एक ओरखडा नाही. घरात लोखंडी कपाट आलं म्हणून हे नको झालं होतं, बाकी काही कारण नव्हतं. मी हौसेनं ते अगदी दारात, रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. जाणारा-येणारा त्यात भांग नीट करायचा. दुपारपर्यंत गल्लीला कळलं, संध्याकाळपर्यंत गावाला. त्या घरी म्हणे चार नातेवाईक विचारपूस करायला जाऊन आले. कुणी आजारी आहे का, कोर्टाचं काही झालं का, जमीन विकायला काढलीत का? दिवेलागणीला कपाटाचा मालक ट्रॉली घेऊन आला. माझ्याशी एक शब्द न बोलता कपाट चढवलं आणि घेऊन गेला. पुढं बरेच दिवस त्यांच्या घरची माणसं मला बघून रस्त्याची बाजू बदलायची.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला वाटलं होतं, कपाट म्हणजे कपाट. पण गावात वस्तूला चेहरा असतो. ती कुणाच्या लग्नात आली, कुणी कुठून आणली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती दारात आली की घरच दारात आल्यासारखं होतं.

दुकान बंद करायचं मनात होतं. पण जुन्नरच्या माझ्या भावानं तोड काढली. त्याचं बाजारपेठेत सायकली भाड्यानं द्यायचं दुकान होतं. लोक मोटारसायकली घ्यायला लागले तशा त्याच्या सायकली भिंतीला टेकून राहायच्या आणि निम्मं दुकान रिकामं पडलं होतं. तो म्हणाला, "ओतूरचं सामान इथं आणून विक. इथं कोण ओळखतंय?" आणि खरंच, तेवढ्यानं धंदा चालू झाला. लोक घरी येऊन हळूच सांगायचे, वस्तू संध्याकाळी चादरीखाली यायची आणि सकाळी भाजीच्या टेंपोतून जुन्नरला जायची. मी मागून एसटीनं. भरवसा फक्त एकाच गोष्टीचा, मी घर सांगायचं नाही. ते मी इतकं पाळलं की नवऱ्याला आश्चर्य वाटायचं. तो म्हणायचा, तुझ्या तोंडात कधी तीळ भिजला नाही आणि आता पोटात अख्ख्या गावाचे माळे राहतायत. मला बाकी मजा वाटायची. सगळं कळतंय आणि काही बोलता येत नाही, असं सुख मी आधी कधी भोगलं नव्हतं.

जुन्नरला बसल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. देणाऱ्याला घर लपवायचं असतं आणि घेणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. किंमत नंतर. आधी प्रश्न, "कुणाच्या घरातलं?" पलंग असला तर त्यावर कुणी गेलं तर नाही ना, शिलाई मशीन असलं तर बाई सुखी होती ना, घड्याळ असलं तर ते बंद पडलं तेव्हा घरात काही झालं नाही ना. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "चांगल्या घरातलं." बहुतेकांचं तेवढ्यावर भागायचं. मला मात्र कुतूहल वाटायचं. नव्या वस्तूला हा प्रश्न कोणी विचारत नाही. ती कारखान्यात कुणाच्या हातून आली, तो माणूस सुखी होता की नाही, काय पडलंय. पण एकदा घरात राहिली की ती त्या घराची होते, आणि मग तिच्याबरोबर काय काय येईल याची धास्ती वाटते.

असंच चाललेलं असताना आमच्या गल्लीतली एक सून दुपारची माझ्याकडे आली. घर शेतकऱ्याचं, नवरा सोसायटीत कामाला. हिला दोन मुली. थोरली दुसरीत, धाकटी बालवाडीत. सासू कामाला वाघीण आणि जिभेलाही. ती आठवडाभर लेकीकडे गेली होती. सुनेनं आणि तिच्या नवऱ्यानं मिळून एक मोठं गोणपाटाचं ओझं माझ्या पडवीत आणून ठेवलं. नवरा माझ्याकडे न बघता निघून गेला. मी गोणपाट सोडलं तर आत सुटा केलेला पाळणा. सागाचा, खरादी दांड्यांचा, लाल-पिवळ्या-हिरव्या लाखेचा. वरच्या दांडीला लाकडी राघू. एका राघूची चोच चावून चावून बोथट झालेली.

"ताई, हा जुन्नरला न्या," ती म्हणाली. "माझ्या माहेरचा आहे. थोरलीच्या वेळी आईनं दिलेला."

मी विचारलं, "मग विकतेस कशाला? घरात राहू दे. लागेल."

"हेच ते 'लागंल'," ती म्हणाली आणि खालीच बसली. "सासूबाई दरवर्षी दिवाळीच्या आधी माळ्यावरून उतरवतात, तेल लावून पुसतात आणि 'लागंल' म्हणून परत वर ठेवतात. दुसरं काही बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

मग तिनं सांगितलं. गेल्या दिवाळीनंतर बहिणीकडे जाते म्हणून ती पुण्याला गेली होती, तेव्हा ऑपरेशन करून आली. नवरा-बायको दोघांनी ठरवलेलं. दोन मुली पुरे, त्या शिकवायच्या. सासूला पत्ता नाही. "आमच्या चुलत सासऱ्यांनी मुलगा होईना म्हणून दुसरी बायको केली," ती म्हणाली. "ती गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते. सासूबाई सांगतात ना, ते चांगलं केलं की वाईट, हे मला अजून कळलेलं नाही. ऑपरेशनचं कळलं तर यांच्या मागं लागतील. हे ऐकणार नाहीत. पण रोज ऐकून ऐकून माणसाचं काय होतं, सांगता येतं का?"

पाळणा कुणाला देऊन टाकावा तर गावात दिसणार. मोडावा तर पाळणा मोडू नये म्हणतात. म्हणून माझ्याकडे. माळ्यावर त्याच जागी तिनं गोधड्यांचं गाठोडं चादर घालून ठेवलं होतं, आणि दिवाळीला काय सांगायचं तेही जुळवून ठेवलं होतं. उंदरांनी दोऱ्या खाल्ल्या, दांडी खिळखिळी झाली, सुताराकडे दिलाय. मी म्हणाले, "सुतार कुठला सांगशील?" ती म्हणाली, "आळ्याचा." चांगली तयारी होती.

जुन्नरला भावानं पाळणा जोडून ट्यूब अडकवायच्या आकड्याला टांगला. झालं. येणाऱ्या प्रत्येक पोराला तो हलवायचा असायचा आणि येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला त्या पोरावर ओरडायचं असायचं, रिकामा पाळणा हलवू नये म्हणून. भाऊ वैतागला. शेवटी मी त्याच्या दोऱ्या गजाला बांधून टाकल्या. बघायला पुष्कळ जण थांबायचे. पण पाळणा माहेरचा येतो, विकत आणला तरी नवा आणतात. जुना पाळणा पैसे देऊन नेणारं कोणी भेटेना.

एका बाजाराच्या दिवशी घाटघरकडची एक मावशी आली. डोक्यावर हिरड्याचं रिकामं झालेलं गाठोडं, व्यापाऱ्याला घालून आली होती. पायरीखाली उभं राहून तिनं पाळण्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोनाच्या घरचा?"

"चांगल्या घरचा, मावशी."

"चांगलं म्हंजी? पोरं जगल्यात का त्या घरात?"

असं तोंडावर मला कुणी विचारलं नव्हतं. मी तिला वर बोलावून पाणी दिलं. तिची लेक गरोदर होती, दिवस भरत आलेले. आधीची दोन्ही बाळं महिन्याच्या आत गेली होती. "आमच्यात पाळणा न्हाई," ती म्हणाली. "आमी झोळीच बांधतो. माझी समदी झोळीत वाढली. पर हिची दोनी झोळीतनंच गेली. आता पोरगी म्हनती, झोळी बांधू नगं, मला बघवत न्हाई. म्हनून पाळणा बघते. पर जगत्या घरचा पायजे."

मी म्हणाले, "त्या घरातली मुलं जगली आहेत. चांगली शाळेत जातात."

"तू बघितल्यात?"

"बघितल्यात की."

"तुझं दुकान हाय, बाय. तू हो म्हननारच." ती रागानं बोलली नाही, हे मलाच जास्त लागलं. "घरची बाई सांगंल आन् तिच्या हातानं दील, तर नेईन. न्हाईतर नगं." आणि गाठोडं उचलून ती एसटीच्या वाटेला लागली.

मला पहिल्यांदा राग आला. दुकानदाराच्या शब्दाला किंमत नाही म्हणजे काय? मग एसटीत बसल्यावर वाटलं, ती म्हणाली त्यात चूक काय? भांडी विकताना मीही सगळ्यांना चांगलं घरच सांगत होते. आणि जगत्या घरचं मागणं हे काही डोंगरातल्याच लोकांचं नव्हतं. माझ्या मुलाला जन्मल्यावर पहिलं झबलं घातलं ते भाच्याचं, धुऊन धुऊन विरलेलं. नवं घालायचं नाही, आईनं बजावलं होतं. मी ऐकलं, का ते विचारलं नव्हतं. मी, जी सगळ्यांना सगळं विचारते! ज्या गावात जुना सदरा विकत घेतला म्हणून माणूस चार जणांत मान वर करणार नाही, त्याच गावात जगात आलेल्या जीवाला पहिला कपडा जुनाच हवा असतो. आणि तो पैसे देऊन मिळत नाही, मागून आणावा लागतो. माझ्या अख्ख्या दुकानात नेमकी तीच वस्तू नव्हती.

ओतूरला आल्यावर सुनेला सगळं सांगितलं. नाही म्हणायचा तिला हक्क होता, तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन गेली का तिची? मग मी येते. पुढच्या बाजाराला येते. घाटघरची बाई ओतूरला कशाला येतेय सांगायला." घरी कारण काय सांगायचं? तर धाकटीसाठी मी दुकानात एक चांगला शाळेचा डबा बाजूला ठेवलाय, तो आणायला जाते. डबाबिबा काही नव्हता. भावाच्या एका गिऱ्हाइकाकडून मी घाटघरला निरोप धाडला.

त्या दिवशी मावशी सकाळच्याच गाडीनं आली, लेकीला घेऊन. लेक वीस-बावीसची असेल. अवघडून आली होती, घाटरस्त्यानं अंग हलून गेलेलं. तिला भावानं गादीच्या खुर्चीवर बसवलं. ती पाळण्याकडे बघायची आणि बघितलं की लगेच नजर काढून घ्यायची. मी ओतूरकडून येणारी प्रत्येक एसटी बघत होते. गाड्या आल्या, माणसं उतरून बाजारात पांगली, सून नाही. मावशी दोनदा म्हणाली, "येतीया न्हवं?" मी म्हणाले, येईल.

आणि मग गर्दीतून, पदर खोचलेला, हातात दोन पिशव्या, सुनेची सासू, आमच्या गल्लीची काकी, येताना दिसली.

मी पाळण्यासमोर जाऊन उभी राहिले. पाळणा मोठा आणि मी अशी किडकिडीत, काय झाकणार? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात भर दुपारचं ऊन होतं. काकी पायरी चढत चढतच बोलत होती. "धाकटीला ताप चढलाय रातधरनं. सून तरी बी निघाली व्हती, डबा आणायचाय म्हणं तुझ्याकडनं. म्या म्हनलं, तू पोरीपाशी थांब, मला बाजार करायचाच हाय. आयकंनाच. डब्यापायी एवढी कासावीस! शेवटी दटावून बसवली, तवा..."

तिचं वाक्य तिथंच थांबलं. मी बाजूला झाले नव्हते, पण तिला माझ्या डोक्यावरनं राघू दिसले होते.

मावशी उठून उभी राहिली होती. तिला वाटलं, ज्या बाईची सकाळपासून वाट बघतोय ती आली. तिनं मला विचारलंसुद्धा नाही. सरळ काकीसमोर गेली. "तुमच्या घरचा न्हवं ह्यो पाळणा?"

काकीनं माझ्याकडे बघितलं. बोलले असते तर सुनेचं बिंग फुटलं असतं आणि गप्प राहिले तरी फुटतच होतं. मला खरंच वाटत होतं की आता ही बाई सगळ्या बाजारासमोर सुनेचा उद्धार करणार, पाळणा काढून घेणार, आणि ओतूरला जाऊन त्या घरात आग लागणार, तीही माझ्या दुकानातून गेलेल्या ठिणगीनं.

"व्हय," काकी म्हणाली. "आमचाच हाय."

"माझ्या लेकीची दोन गेली," मावशी म्हणाली. "म्हनून इचारते, बाय. रागावू नगंस. तुमच्या घरात ह्या पाळण्यात निजलेली समदी हायती ना? जित्ती हायती ना?"

काकी पाळण्याजवळ गेली. बोथट चोचीच्या राघूवरून तिनं अंगठा फिरवला. मग गादीच्या खुर्चीवर बसलेल्या त्या पोरीकडे बघितलं. पोरगी पोटावर हात ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"हायती," काकी म्हणाली. "दोघी हायती."

"पोरगा न्हाई?"

"न्हाई. नातीच. दोन."

मी मावशीच्या तोंडाकडे बघत होते. हिला मुलगा जगलेल्या घरचाच पाळणा हवा असेल तर? पण मावशीनं नुसता मोठा सुस्कारा टाकला. "जगल्या न्हवं? मंग झालं."

काकीला त्यावर काय वाटलं ते मला कळलं नाही, आणि मी तर तिच्याकडे टक लावून बघत होते. मग एकदम नेहमीसारखी कामाला लागली. भावाला म्हणाली, "ह्या दोऱ्या कुनी आवळल्यात? सोड त्या." मला म्हणाली, "रिकामा देऊ नये, एवढं बी ठाऊक न्हाई का दुकानवालीला?" तिच्या पिशवीत गव्हाची पुडी होती आणि नारळ होता. तिनं पाळण्यात मूठभर गहू घातले, वर नारळ ठेवला. माझ्याकडून कुंकू मागून घेतलं, पाळण्याच्या चारी खुरांना लावलं, आणि ते लावलेलं बोट त्या पोरीच्या कपाळाला टेकवलं. "थोरली लई रडायची ह्यात," ती तिला म्हणाली. "रडली तरी भिऊ नगंस. रडतं ते पोर चांगलं असतं." मग पाळण्याची एक बाजू तिनं धरली, एक मावशीनं, आणि तिनं तिच्या हातानं दिला.

मावशी पैसे द्यायला लागली तेव्हा काकी म्हणाली, "ते हिच्यापाशी द्या. ज्याचं त्याला पोचतंय." भावानं पाळणा सुटा करून बांधून दिला. दोघी तो घेऊन स्टँडकडे गेल्या.

काकी खुर्चीवर बसली. पाणी प्याली. आणि म्हणाली, "डबा दी."

डबा! मी दुकानात हात फिरवला आणि हाताला लागला तो डबा काढला. कडीचा, दोन मजली, कुण्या मास्तराचा असावा, बालवाडीतल्या पोरीला त्यात आठवडाभराचं जेवण मावलं असतं. काकीनं तो उलटापालटा करून बघितला. माझ्याकडे बघितलं. तोंडावरची रेघ हलली नाही, पण डोळ्यांत हसू आल्यासारखं वाटलं.

"ह्योच का?"

"हाच, काकी."

"असू दी. सून बी म्हनंल ह्योच." तिनं तो पिशवीत घातला. उठताना म्हणाली, "म्या आले तवा इथं पाळणाबिळणा काय नव्हता. कळलं का?"

संध्याकाळी सून माझ्या दारात आली. तोंड उतरलेलं. "त्यांनी बघितला का हो?" मी म्हणाले, पाळणा गेला. "त्या यायच्या आधी?" मी म्हणाले, बाजाराची गर्दी होती, डबा दिला आणि त्या गेल्या. एवढं सगळं खरंच होतं. तिनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि विचारलं, "मग त्या मावशीला कुणी सांगितलं, घर जगतं आहे म्हणून?" मी म्हणाले, तिची खात्री पटली. हे बोलणं मला फार जड गेलं. एकीचं गुपित मी दुसरीपासून राखत होते, दुसरीचं पहिलीपासून, आणि दोघींचं गुपित एकच होतं.

दिवाळी जवळ आली. सून रोज धास्तावलेली. माळा झाडायचा दिवस आला तसा तिनं आळ्याच्या सुताराचं पाठ केलेलं उत्तर पुन्हा एकदा घोकलं. काकी शिडी लावून वर चढली. चादर काढली. गोधड्यांचं गाठोडं खाली टाकलं, गोधड्या उन्हात घातल्या, ती जागा झाडून काढली आणि तिथं लसणाच्या जुड्या रचल्या. खाली उतरली आणि म्हणाली, "चहा टाक."

"विचारलंच नाही त्यांनी," सून मला सांगत होती. "मला वाटलं, दुसऱ्या दिवशी विचारतील. मग वाटलं, पाडव्याला सगळे असताना विचारतील. ताई, का विचारत नसतील? पाळणा विसरण्यातल्या आहेत का त्या?" सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. भीतीनं की कशानं, तिलाही सांगता आलं नसतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला मावशी दुकानात आली, पदरात तांदूळ बांधून. लेकीला मुलगी झाली होती, आणि महिना कधीच ओलांडला होता. आईच्या दुधावर गुटगुटीत, आणि रडायला लागली की सगळी वाडी गोळा होते, म्हणाली. तांदूळ पाळणावाल्या बाईला द्यायचे होते. ते मी ठेवून घेतले.

पुढच्या बाजाराला काकी आली. तिला जुन्नरला काही काम नव्हतं, पिशव्याही रिकाम्या होत्या. इकडचं तिकडचं बोलली, भावाच्या पोरांची चौकशी केली, एक जुनी परात वाजवून बघितली. मग परात खाली ठेवून विचारलं, "ती घाटघरची पोरगी नीट बाळंत झाली का गं?"

"झाली, काकी. मुलगी आहे. चांगली आहे." आणि मी तांदळाची पुरचुंडी तिच्या हातात दिली.

तिनं ती सोडली. दाणे तळहातावर घेऊन उजेडात धरले, पुन्हा बांधले. "म्हंजी आमच्या पाळण्यात तिघी जगल्या," ती म्हणाली. पुरचुंडी पिशवीत तळाला ठेवली आणि पायरीपर्यंत गेली. तिथून मागं वळून म्हणाली, "म्या इचारलं म्हनून सुनंला सांगू नगंस. तिला वाटंल, म्हातारी अजून नातवाच्या आशेवर हाय."